कुशाबा करणे

“वरडती का?” आप्पांनी विचारले.

“लई वरडती,” गोरख म्हणाला. “पळत न्हाई.”

“मग इंजिन धडधाकट हाय. ताकद वाटंत सांडतीय.”

मे २००४ मधला पहिला शनिवार होता. येडगाव धरणाच्या काठावर गोरखचा बोट क्लब होता. क्लब म्हणजे एक पत्र्याची शेड, एक वल्ह्याची होडी आणि गोव्याहून आणलेल्या दोन जुन्या वॉटर स्कूटर. ओझरच्या गणपतीला आलेली माणसे उन्हाळ्यात पोरांच्या हट्टापायी तिकडे वळायची. माझे वडील, म्हणजे आप्पा, कुशाबा मिस्त्री नदीकाठची पाणीउपशाची इंजिने दुरुस्त करत. पंचक्रोशीत त्या स्कूटरना हात लावायची हिंमत फक्त त्यांच्यात होती. मी पुण्यात एम.ए. करत होते आणि सुट्टीला आले होते. मला घरी बसून वाचायचे होते, पण स्कूटरचे पुस्तक इंग्रजीत, म्हणून आप्पांनी मला गाडीवर मागे बसवून धरणावर नेले.

हा आमचा शेवटचा साधा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आप्पा वारले. त्याचे कारण लोक सांगतात ते खोटे आहे, आणि ते खोटे आहे हे मी बरीच वर्षे कुणालाच सांगितले नाही.

गोरखला आप्पांचे म्हणणे पटेना. बारा वर्षांचे मशीन, इंजिनच संपले असणार, असे त्याला कुणीतरी सांगितले होते. “मेंढराचं तोंड बघून रोग सांगतात, तसं सांगतो व्हय रं कुशाबा?” तो म्हणाला. गोरख आप्पांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान होता. त्याच्या घरची जमीन शंभर वर्षांची आणि आमचे आजोबा मेंढरे राखणारे, त्यामुळे आप्पांना अरे-तुरे करताना त्याची जीभ कधी अडखळली नाही.

“मेंढरू बरं, शेठ,” आप्पा म्हणाले. “त्ये मालकाचं ऐकून रोग बदलत न्हाई.”

मग त्यांनी एकेक करून दाखवले. दोन्ही प्लग काढून तळहातावर ठेवले आणि गोरखच्या नाकाखाली धरले. टोके भाजल्या शेंगेच्या टरफलाच्या रंगाची होती. “काळं असतं तर पेट्रोल जास्त पडतंय. पांढरं असतं तर कमी. ह्ये बराबर हाय.” मग प्लगच्या भोकावर अंगठा दाबला आणि होडीवाल्या भिकाला बटन दाबायला सांगितले. आतला दाब अंगठा उडवतो. दोन्ही सिलिंडरनी तो सारख्याच जोराने उडवला.

“आशे, पुस्तकात किती दाब लिवलाय?”

मी आकडा वाचला.

“माझा अंगठा बी तेवढंच म्हणतोय. पुस्तक शिकलेलं दिसतंय.”

भिका हसला. मीही हसले असेन. कार्बोरेटरची जाळी स्वच्छ निघाली, पेट्रोलची नळी मोकळी निघाली. प्रत्येक वेळी आप्पा फक्त “ह्ये न्हाई” म्हणत आणि पुढे सरकत. दोष कुठे नाही हे दाखवण्यात त्यांना दोष सापडण्याइतकाच आनंद होई. शेवटी चौघांनी मशीन जुन्या टायरवर आडवे केले आणि आप्पा बॅटरीचा उजेड घेऊन त्याच्या पोटाशी शिरले.

वॉटर स्कूटरला बाहेर पंखा नसतो. ती पोटाखालून पाणी ओढते, आतला पंखा ते पाणी मागे फेकतो आणि त्या जोरावर ती पुढे जाते. पंख्याभोवती एक कडी असते. पंखा आणि कडी यांच्यात कागद जाईल एवढीच फट असावी लागते. आप्पांनी तिथे पन्नास पैशांचे नाणे घातले. ते कशालाही न अडता आरपार गेले.

“हितनं पाणी मागं फिरतंय,” ते आतूनच म्हणाले. “पंखा जागच्या जागी घुसळतोय. ताक करायला बरं हाय शेठ तुमचं मशीन.”

काठावर दहाबारा गिऱ्हाईके उभी होती. ती हसली. आप्पा बाहेर आले, अंगाची वाळू झटकली आणि कारणही सांगून टाकले. गोरखची माणसे घोटाभर पाण्यातच मशीन चालू करायची. मशीन खालची वाळू ओढायचे आणि वाळू कडी खायची. “कंबरभर पाण्यात ढकलत न्या, मग बटन दाबा. मागल्या साली बी सांगितलं व्हतं.”

“म्हंजी चूक आमची,” गोरख म्हणाला.

“इंजिनाची तर न्हाई.”

गोरखचे तोंड उतरले. आप्पांच्या ते लक्षात आले. मशीन दुरुस्त करताना ते कुणाला भीत नसत. मशीन दुरुस्त झाल्यावर मात्र त्यांना आठवे की हे काम सुटले तर पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्याला जाईल.

आता तेलाचे सांगते. त्या स्कूटरला तेलाची वेगळी टाकी होती आणि तिच्यातून इंजिनाला तेल सोडणारा एक छोटा पंप होता. जुना पंप सांगून बंद पडत नाही, आणि तेल थांबले की इंजिन काही मिनिटांत आतून चिकटून जागीच थांबते. म्हणून आप्पांनी आदल्या वर्षीच तो पंप काढून टाकला होता आणि तेल थेट पेट्रोलमध्ये मिसळायची पद्धत लावली होती. वीस लिटरच्या कॅनला अर्धा लिटर तेल. तेल ओतायचे, कॅन हलवायचा आणि मग त्याच्या मुठीला तांबडी चिंधी बांधायची. चिंधी असलेलाच कॅन मशीनमध्ये रिकामा करायचा. वाचता न येणाऱ्या माणसाकडूनही चूक होऊ नये म्हणून त्यांनी ही रीत काढली होती.

नवी कडी बाजारात मिळणारी नव्हती. नायलॉनचा तुकडा लेथवर कातून घ्यायला आप्पा नारायणगावला निघाले. जाताना पेट्रोल भरलेला कॅन दाखवून तेलाची बाटली आणि चिंधी माझ्या हातात दिली. “एवढा कॅन तयार करून ठेव.”

बाटलीचे सील निघेना. दोन्ही हात मोकळे करावेत म्हणून मी चिंधी आधी कॅनला बांधून टाकली. तरी सील निघेना, तेव्हा स्क्रूड्रायव्हर मागायला आप्पांकडे गेले. ते अजून निघाले नव्हते, गोरखजवळ उभे होते. गोरखचे तोंड तसेच उतरलेले होते.

“बघा शेठ,” आप्पा म्हणाले, “एम.ए.पोतर शिकवली, बाटलीचं बूच उघडंना. हिच्या सासूनं करायचं काय?”

सगळे हसले. गोरख सगळ्यात मोठ्याने हसला आणि त्याचा चेहरा सैल झाला. त्याला हसायला काहीतरी द्यायला हवे होते, आणि आप्पांच्या हाताशी त्या वेळी मीच होते. हे मला नंतर कळले. तेव्हा फक्त कानशिले तापली. त्यांनी पुढे केलेला स्क्रूड्रायव्हर मी घेतला नाही. ते गाडीला किक मारून गेले. मी शेडमध्ये जाऊन बाटली फळीवर ठेवली आणि पुस्तक उघडून बसले. थोड्या वेळाने घालू, असे मी मनाशी म्हटले, की त्यांचे त्यांना घालू दे, असे म्हटले, ते मला आज सांगता येत नाही. पुस्तक चांगले होते. मी संध्याकाळपर्यंत वाचत बसले.

आप्पा परत आले तेव्हा खुशीत होते. पांढरी कडी उन्हात धरून ते एका डोळ्याने तिच्यातून माझ्याकडे बघत होते. “चिंधी बांधली का गं?”

“बांधली,” मी म्हटले.

ते खरे होते. घरी येताना त्यांनी रसवंतीवर गाडी थांबवली आणि पहिला पेला मला दिला. “रागावलीस व्हय?” मी नाही म्हटले. तेलाचे तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हते.

रविवारी सकाळी कडी बसली. गिऱ्हाईक यायच्या आत एक फेरी मारून बघायची होती. आप्पांनी चिंधीचा कॅन टाकीत रिकामा केला. एरवी ते पेट्रोलचे थेंब दोन बोटांत चोळून बघत. त्या दिवशी कॅन मी तयार केलेला होता, म्हणून बघितले नाही. लाइफ जॅकेट शेडच्या कपाटात कुलपात होती. भिकाने विचारले तेव्हा गोरख म्हणाला, “मिस्त्रीला काय बुडवायला नेतोय का? दोन मिन्टाचं काम. गिऱ्हाइकाची हायेत ती, ग्रीसनं बरबटतील.”

टाकीच्या तळाशी जुने, तेल मिसळलेले पेट्रोल थोडे होते. तेवढा वेळ स्कूटर अशी पळाली की काठावरच्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. गोरखसुद्धा “आयला, कुशाबा!” म्हणाला. आप्पा मध्यावर जाऊन वळले आणि त्यांनी पूर्ण वेग घेतला. मग आवाज बारीक होत गेला, भांड्यावर भांडे घासावे तसा, आणि एकदम तुटला. स्कूटर जागीच बसली. आप्पा हँडलवर छातीने आदळून पलीकडे पाण्यात पडले.

त्यांना पोहता येत होते, विहिरीतल्यासारखे, भिंतीपासून भिंतीपर्यंत. ते वर आले. एक हात मशीनकडे टाकला, पण वारा होता आणि मशीन त्यांच्यापासून सरकत होते. भिकाने होडी ढकलली. गोरख काठावरून ओरडत होता, “आधी मशीनला दोर टाक! खडकाकडं चाललंय ते!” भिकाने एकदा मागे वळून बघितले आणि होडीचे तोंड मशीनकडे वळवले. दोर बांधून तो आप्पांकडे आला तेव्हा तिथे पाणीच होते.

तासाभराने त्यांना बाहेर काढले. पोलिसांनी अपघात लिहून घेतला.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर गोरखने नारायणगावच्या धर्माजी मिस्त्रीला बोलावले. चूक क्लबची नाही हे त्याला चार माणसांसमोर ठरवून घ्यायचे होते. चुलते गेले, त्यांच्याबरोबर मीही गेले. मला कुणी अडवले नाही. धर्माजी आणि आप्पा वीस वर्षे एकमेकांची गिऱ्हाईके पळवत आणि एकमेकांच्या नावाने शिव्या देत. धर्माजीने सिलिंडरचे डोके उघडले. पिस्टन उभा खरवडला होता आणि अॅल्युमिनियम वितळून भिंतीला चिकटले होते. त्याने सिलिंडरच्या आत बोट फिरवले, मग ते बोट अंगठ्यावर चोळले आणि सगळ्यांना दाखवले. बोट कोरडे होते.

“तेलाविना गेलंय,” तो म्हणाला. मग त्याने पुन्हा एकदा बोट आत फिरवून बघितले. “पण कुशाबा तेल इसरणारा न्हवं. माझं त्याचं कधी जमलं न्हाई, पण ह्ये मी मानणार न्हाई. कॅन कुणी भरला?”

गोरखने फळीवरची बाटली आणली आणि उंच धरली. “ह्ये बघा. सील बी फोडलं न्हाई. अन् कॅनला चिंधी हाय. स्वतःच चिंधी बांधायची अन् स्वतःच तेल इसरायचं. वर मला माझ्या काठावर शाणपणा शिकवीत व्हता.”

धर्माजी पुन्हा म्हणाला, “कॅन कुणी भरला?”

भिकाने मला शनिवारी कॅनपाशी पाहिले होते. त्याने माझ्याकडे पाहिले आणि लगेच मान खाली घातली. होडी आधी मशीनकडे नेलेला माणूस कुणावर बोट दाखवणार? मी तोंड उघडले असते तर ती सगळी माणसे माझ्याकडे वळली असती. एवढ्याच कारणासाठी मी गप्प राहिले. फार मोठे कारण नव्हते.

“कुशाबानंच,” गोरख म्हणाला. “दुसरं कोण हाय हितं मिस्त्री?”

धर्माजीने फडक्याला हात पुसले. “मग काय. आता मशीनच बोलतंय म्हटल्यावर.”

तो पिस्टन गोरखने क्लबच्या चहाच्या टेबलावर ठेवला. नव्या माणसाला कामावर घेताना तो हातात द्यायचा आणि सांगायचा, “कुशाबा करू नको.” नारायणगावच्या गॅरेजवाल्यांनी ते उचलले. तेल न घालता इंजिन चालवणे म्हणजे कुशाबा करणे. पुढे काहीही विसरणे म्हणजे कुशाबा करणे. मी मंचरला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला लागले. तासावर पुस्तक विसरून आलेल्या मुलीला शेजारची म्हणाली, “केलास ना कुशाबा?” मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहिली.

गोरखचा राग करणे मला सोपे गेले. जॅकेट, दोर, वाळू, सगळे त्याच्याच बाजूला होते आणि खरेही होते. कितीतरी वर्षे मी तेवढ्यावर जगले.

२००९ च्या पितृपंधरवड्यात मी घरी निघाले होते. माझी गाडी जुनी, पेट्रोलबरोबर तेल मागणारी. मंचरच्या पंपावर पेट्रोल भरणारा माणूस पन्नाशीचा, डोक्याला उपरणे गुंडाळलेला. त्याने नळी टाकीत लावली. “तेल टाकू का मॅडम, का कुशाबा करायचा?”

“कुशाबा कोण?” मी विचारले.

“आता कोण म्हंजी?” तो हसला. “बोलायची पद्धत हाय ती. माणूस न्हाई कुणी.”

त्याने तेल टाकले. मी पैसे दिले आणि येडगावचा रस्ता धरला.

घरी आई, गजराबाई, चुलीपुढे बसून वडे तळत होती. त्या दिवशी आप्पांची तिथी होती. वर्षाचे हे जेवण ती कुणाची मदत न घेता करायची आणि दरवर्षी तेच बोलायची. ताट फोटोपुढे ठेवताना तिने खिरीची वाटी नीट पुढे सरकवली.

“घ्या,” ती फोटोला म्हणाली. “साखर घातलीय. मीठबी घातलंय. मी न्हाई इसरत.”

“आई.”

“का? खोटं बोलले? लोकांच्या इंजिनाचं प्लगपोतर ध्यानात. घरी बायको हाय, पोर हाय, त्ये न्हाई ध्यानात.” तिने हात पदराला पुसले आणि भिंतीला टेकून बसली. “तुला म्हणून सांगते. पाच वर्सं झाली, मला ह्यांच्यासाठी रडू आलं न्हाई. रडायला बसले की राग येतो. वाटतं, समोर बसवावं अन् विचारावं, एक अर्धा लिटर तेल, बाबा. तुला एवढंबी जमलं न्हाई?”

मी तिच्यासमोर बसले. येताना रस्त्यात मी पुष्कळ वाक्ये जुळवली होती. त्यांत गोरख होता, कुलपातली जॅकेट होती, दोर होता, सगळ्यांसमोर माझी केलेली थट्टा होती. क्रमही नीट लावला होता. तिच्याकडे बघितल्यावर त्यातले एकही वाक्य घ्यावेसे वाटले नाही. ती पाच वर्षे एका मेलेल्या माणसावर रागावून उभी होती. हे सांगितल्यावर तो राग ठेवायला तिच्याजवळ माझ्याखेरीज दुसरी जागा राहणार नव्हती.

“जेवायचं काढू का?” ती म्हणाली. “अशी का बसलीस?”

“आई, आप्पा इसरले न्हाईत. तेल घालायचं मला सांगितलं व्हतं. मी रागात व्हते. मी घातलंच न्हाई.”